थकलेला गोलंदाज आणि शॉर्ट लेगचा क्षेत्ररक्षक

माळव्यात क्रिकेटची गोष्ट निघाली म्हणजे ती बहुधा धावांची निघते. धार असो की देवास, जुन्या मंडळींच्या बैठकीत होळकर संघाचे नाव कोणी काढले की कर्नल सी. के. नायडू यांचे उत्तुंग षटकार आणि मुश्ताक अलींची पुढे सरसावून फटका मारण्याची ऐट यांचे वर्णन सुरू होते. आणि ते ऐकणारी मुले दुसऱ्या दिवशी मैदानावर जातात ती बॅट हाती घेण्यासाठीच. यात नवल नाही. मार्च १९४६ मध्ये इंदुरास म्हैसूरविरुद्ध झालेल्या रणजी करंडकाच्या उपान्त्य सामन्यात होळकर संघाने ८ गडी बाद ९१२ धावा केल्या आणि भांडारकर, सरवटे, जगदाळे, सी. के. नायडू, निंबाळकर व प्रतापसिंग अशा सहा जणांनी एकाच डावात शतके काढली. ज्या प्रदेशाच्या पूर्वसंचितात असा डाव आहे, त्या प्रदेशाने धावांची पोथी वाचावी हे साहजिकच होय.

परंतु त्याच सामन्यातील दुसरी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. म्हैसूरचा पहिला डाव १९० धावांत संपला, आणि त्यातील ९ गडी एकट्या चंदू सरवटे यांनी ६१ धावा देऊन बाद केले होते. शतक काढणाऱ्या सहा जणांत सरवटे होतेच. पण ती १०१ धावांची खेळी लोकांच्या ध्यानात राहिली आणि नऊ बळी विस्मरणात गेले. उलट बाजूस म्हैसूरचे गरुडाचार हे या ९१२ धावांच्या पुराला बांध घालण्यासाठी षटकांमागून षटके टाकीत राहिले आणि त्यांच्या नावावर ३०१ धावांचा खर्च लिहिला गेला. एका गोलंदाजाने एका डावात तीनशे धावा द्याव्यात, याचा अर्थ तो वाईट गोलंदाज होता असा नव्हे. त्याच्या हातून चेंडू काढून घेऊन तो ज्याच्या हाती द्यावा असा दुसरा माणूस संघात नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

हा दुसरा माणूस नसणे, हेच धार आणि देवास यांसारख्या गावांतील संघांचे खरे दुखणे आहे. इंदूर दोन्ही गावांना जवळ. देवास तेथून अवघे पस्तीस किलोमीटर, धार साठाच्या आसपास. चांगली खेळपट्टी, सरावाची जाळी, जाणता शिक्षक हे सर्व इंदुरात. मग गावच्या संघात उरतो तो एखादा जात्याच चांगला चेंडू टाकणारा मुलगा. सामना कोणताही असो, नाणेफेकीचा निकाल लागला की पहिला चेंडू त्याच्या हाती, जोडी जमली की ती फोडण्यासाठी चेंडू त्याच्याच हाती, आणि शेवटच्या षटकांत धावा रोखावयाच्या असल्या तरी पुन्हा तोच. सकाळी सामना खेळून आलेल्या त्याच मुलाकडून सायंकाळी वडीलधारे फलंदाज सरावासाठी तासभर गोलंदाजी करवून घेतात. मुलगा नाही म्हणत नाही. त्याला त्यात भूषणच वाटते.

या भूषणाची किंमत काय असते हे पाहावयाचे तर मार्च १९४५ च्या मुंबईतील अंतिम सामन्याकडे वळले पाहिजे. ब्रेबर्न स्टेडियमवर मुंबई आणि होळकर हे संघ समोरासमोर आले. मुंबईने पहिल्या डावात ४६२ धावा केल्या, होळकरांनी ३६०. दुसऱ्या डावात मुंबईने ७६४ धावांचा डोंगर रचला. त्यात विजय मर्चंट यांच्या एकट्याच्या २७८. होळकरांपुढे ८६७ धावांचे लक्ष्य आले आणि त्यांनी माघार न घेता ४९२ धावा काढल्या. मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतके केली. त्या सुमारास महूच्या छावणीत लष्करी नोकरीवर असलेला इंग्लंडचा सुप्रसिद्ध फलंदाज डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळत होता. तो २४९ धावांवर नाबाद राहिला. चार डावांत मिळून २०७८ धावा झाल्या आणि मुंबईने ३७४ धावांनी करंडक जिंकला.

या सामन्यावर जे काही लिहिले गेले त्यात मर्चंट, मुश्ताक आणि कॉम्प्टन ही तीन नावे ठळक आहेत. चौथे नाव सी. एस. नायडू यांचे. कर्नल नायडूंचे हे धाकटे बंधू लेग-ब्रेक व गुगली टाकीत. पहिल्या डावात त्यांनी ६४ षटके आणि ५ चेंडू टाकून १५३ धावांत ६ बळी घेतले. दुसऱ्या डावात ८८ षटके टाकून २७५ धावांत ५. एकूण ९१७ चेंडू. प्रथम दर्जाच्या एका सामन्यात एका गोलंदाजाने इतके चेंडू टाकल्याची दुसरी नोंद नाही. आकडा वाचताना तो नुसता मोठा वाटतो. त्याचा अर्थ ध्यानात यावयास लेग-ब्रेक कसा टाकतात हे आठवावे लागते. चेंडू तिसऱ्या बोटाच्या पेरावर पेलून मनगट झटक्याने फिरवावयाचे, खांदा पूर्ण वर्तुळात न्यावयाचा, आणि डाव्या पायावर सगळे शरीर तोलून वळवावयाचे. बोटाची कातडी चेंडूच्या शिवणीवर घासून निघते. हे नऊशे सतरा वेळा.

आता असे विचारता येईल की, कर्नल नायडूंसारख्या धुरंधर कर्णधाराला आपल्या सख्ख्या भावाचे हाल दिसत नव्हते काय? दिसत असलेच पाहिजेत. पण ज्या संघात कॉम्प्टन आणि मुश्ताक अली आहेत त्या संघापाशी फलंदाजीची वानवा नव्हती. वानवा होती ती मर्चंटना बाद करील अशा दुसऱ्या टोकाच्या गोलंदाजाची. देवासकरांना ही गोष्ट सांगण्यासाठी एक घरगुती उपमा आहे. त्यांच्या गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये सुमारे दोन शतके एकाच टेकडीच्या छायेत नांदली आणि १९४८ मध्ये दोन्ही मध्य भारतात विलीन झाली. गोलंदाजीचेही राज्य दोन पात्यांचेच असते. एका टोकाकडून कितीही पराक्रम होवो, दुसऱ्या टोकाकडून धावा सुटत असतील तर फलंदाज तिकडे जाऊन विसावा घेतो. एक पाती ओसाड असली की दुसरीचे वैभव फार दिवस टिकत नाही.

त्यानंतरच्या वर्षांत होळकर संघाचे चित्र पालटले, आणि ते का पालटले याचे उत्तर धावांच्या पोथीत सापडत नाही. सी. एस. नायडू होतेच, त्यांच्या जोडीला सरवटे यांची फिरकी अधिकाधिक धारदार झाली आणि डाव्या हाताचे हिरालाल गायकवाड हे एक भरवशाचे टोक लाभले. १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ असा चार वेळा करंडक इंदुरास आला. आणखी सहा वेळा हा संघ अंतिम सामन्यात पराभूत झाला. १९४१ ते १९५५ या चौदा वर्षांच्या आयुष्यात दहा अंतिम सामने, ही कामगिरी तीन-चार बळी घेणारे हात एकाच वेळी उपलब्ध असल्यावाचून होत नाही.

गोलंदाजी नसलेल्या संघाची अवस्था किती केविलवाणी होते, याचे एक उदाहरण पुण्याचे आहे. डिसेंबर १९४८ मध्ये काठियावाडच्या संघाविरुद्ध महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी ४४३ धावा केल्या. ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा तेव्हाचा उच्चांक नऊ धावा दूर असताना काठियावाडचा संघ सामना सोडून निघून गेला. त्या कृत्याची निंदा पुष्कळ झाली आणि ती योग्यच होती. तथापि ज्यांनी महाराष्ट्राच्या ४ गडी बाद ८२६ धावांपुढे चेंडू टाकले त्या गोलंदाजांच्या बाजूने क्वचितच कोणी बोलले असेल.

अमेरिकेत बेसबॉल हा खेळ लोकप्रिय आहे. त्यात आपल्या गोलंदाजासारखा जो चेंडू टाकणारा असतो त्याला पिचर म्हणतात. तो कोपर वाकवून, संपूर्ण ताकदीने, साठ फूट सहा इंचांवरील फलंदाजाकडे चेंडू फेकतो. चेंडूला टप्पा नाही, खेळपट्टीची मदत नाही. जे काही करावयाचे ते हातानेच. त्यामुळे तेथे पिचरच्या दंडाची निगा हा एक स्वतंत्र शास्त्राचा विषय झाला आहे. व्यावसायिक संघ साधारणतः पाच पिचर पाळीने वापरतात. आज सामना सुरू करणारा पिचर पुन्हा पाचव्या दिवशी येतो, आणि तो थकला की उरलेला सामना पार पाडण्यासाठी आणखी काही जण तयार बसलेले असतात. संघाच्या उणिवांची चर्चा तेथे या प्रश्नापासूनच सुरू होते: पिचर किती आहेत, आणि त्यांतील किती ताजे आहेत?

हे शहाणपण अमेरिकेलाही फुकट मिळालेले नाही. सँडी कूफॅक्स हा लॉस एंजलिस डॉजर्स संघाचा डावरा पिचर. ऑक्टोबर १९६५ मध्ये वर्ल्ड सीरीजचा निर्णायक सातवा सामना त्याने अवघ्या दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर फेकला आणि प्रतिपक्षाला एकही धाव न देता जिंकून दिला. पुढील वर्षी त्याने २७ सामने जिंकले. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस, वयाच्या तिसाव्या वर्षी, कोपराच्या संधिवाताने त्याला खेळ सोडावा लागला. मुलांच्या बाबतीत तर तेथील लिटल लीग या संस्थेने २००७ पासून नियमच करून टाकला आहे: अकरा-बारा वर्षांच्या मुलाने एका दिवशी ८५ हून अधिक चेंडू टाकावयाचे नाहीत, आणि ६६ किंवा अधिक टाकले असतील तर चार दिवस विश्रांती घ्यावयाची. नियम प्रशिक्षकाच्या सद्बुद्धीवर सोडलेला नाही. चेंडू मोजले जातात.

आपल्याकडे मर्यादित षटकांच्या सामन्यात एका गोलंदाजाला एकूण षटकांच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक षटके टाकता येत नाहीत, हा नियम धावगतीच्या सोयीसाठी झाला असला तरी त्याने पुष्कळांचे खांदे वाचविले आहेत. पाच गोलंदाज उभे करणे संघाला भागच पडते. मात्र सराव, शाळांचे सामने, दोन-तीन दिवसांच्या स्पर्धा या ठिकाणी मोजणारे कोणी नाही. एखाद्या मुलाने आठवड्यात किती षटके टाकली हे त्याच्या घरच्यांना ठाऊक नसते, शिक्षकाला आठवत नसते, आणि त्याला स्वतःला ते मोजण्याचे भान नसते. वेगवान गोलंदाज असला तर पाठीच्या मणक्यात बारीक भेग पडते. फिरकी असला तर खांदा धरतो. दोन हंगाम गेले की गावात एवढेच बोलले जाते की, पोरगा चांगला होता, पण पुढे काही जमले नाही.

माळव्यातून चांगले गोलंदाज निघतच नाहीत असे मात्र कोणी समजू नये. जानेवारी १९८८ मध्ये मद्रास येथे वेस्ट इंडीजविरुद्ध पहिल्याच कसोटीत १३६ धावांत १६ बळी घेणारे नरेंद्र हिरवाणी हे गोरखपूरहून इंदुरास आले आणि येथेच घडले. त्यांना घडविणारे संजय जगदाळे हे ९१२ धावांच्या त्या डावात शतक काढणाऱ्या जगदाळ्यांचे चिरंजीव. फलंदाजाच्या घरात गोलंदाज ओळखण्याची नजर निपजली, हा योगायोग मोठा मनोहर आहे. त्या मद्रासच्या सामन्यात यष्टिरक्षक किरण मोरे यांनी सहा फलंदाज यष्टिचीत केले, हेही येथे लक्षात ठेवावयाचे. कारण गोलंदाजाचे बळी पुष्कळदा दुसऱ्याच कोणाच्या हातात जाऊन पडत असतात, आणि तेथूनच क्षेत्ररक्षणाच्या साहसाचा विषय सुरू होतो.

साहसी क्षेत्ररक्षण म्हटले की मराठी माणसाला एकनाथ सोलकर आठवतात. मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या मैदानाची देखभाल करणाऱ्या माणसाचा हा मुलगा त्याच मैदानाच्या कडेला एका खोलीत वाढला. पुढे सत्तावीस कसोट्यांत त्यांनी ५३ झेल घेतले, आणि त्यांतील बहुसंख्य फलंदाजापासून दोन-तीन पावलांवर, शॉर्ट लेगला उभे राहून. डोक्यावर शिरस्त्राण नाही. ऑगस्ट १९७१ मध्ये ओव्हलवर इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत कोसळला तेव्हा चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेतले. पण वेंकटराघवन यांच्या चेंडूवर ॲलन नॉट यांचा झेल सोलकरांनी पुढे झेप घेऊन जमिनीलगत ज्या रीतीने टिपला, त्याचे छायाचित्र अजूनही छापले जाते. भारताने इंग्लंडमध्ये जिंकलेली ती पहिली कसोटी.

ते छायाचित्र पाहून किती मुले शॉर्ट लेगला जाऊन उभी राहिली असतील याची गणती नाही. परंतु छायाचित्रात सोलकर दिसतात, वेंकटराघवन यांचा टप्पा दिसत नाही. आणि सोलकरांच्या साहसाचा सारा आधार त्या टप्प्यावर होता. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन या चौघांपैकी कोणी ना कोणी दोन्ही टोकांनी चेंडू टाकीत असे. फलंदाजाला पुढे वाकून, बॅट खाली ठेवून खेळावयास लावील अशा जागी चेंडू पडत असे. तसा चेंडू बॅटीला वा पॅडला लागून हळूच उडतो आणि शॉर्ट लेगच्या पुढ्यात येतो. तेथे उभे राहणे हे धाडस खरे; पण ते मोजूनमापून केलेले धाडस. आता तोच गोलंदाज थकला आहे असे समजा. पाय क्रीझवर जड पडतो, हात वरपर्यंत जात नाही, चेंडू बोटांतून लवकर सुटतो आणि आखूड पडतो. आखूड चेंडूवर फलंदाज मागे सरकून संपूर्ण ताकदीने लेगला फटका मारतो. दोन पावलांवर उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकाला त्या वेळी मान वळविण्याइतकाही अवधी मिळत नाही.

वर वेगवेगळे वाटणारे दोन प्रश्न येथे एकमेकांत मिसळतात. संघात पुरेसे गोलंदाज नसणे हा केवळ हार-जीत यांचा प्रश्न राहत नाही. एका मुलाच्या खांद्यावर टाकलेला बोजा दुसऱ्या मुलाच्या डोक्यावर उतरतो.

२० फेब्रुवारी १९९८ रोजी ढाक्यात एका क्लब सामन्यात भारताचे माजी कसोटीपटू रमण लांबा यांना षटकातले थोडेच चेंडू उरले असताना शॉर्ट लेगला बोलावण्यात आले. शिरस्त्राण मागवावे काय असे विचारता, तेवढ्या चेंडूंसाठी कशाला, असे म्हणून ते तसेच उभे राहिले. चेंडू आखूड पडला, फलंदाजाने जोराने मारला, आणि तो लांबा यांच्या कपाळावर आदळून मागे उडाला. यष्टिरक्षकाने तो झेलला. फलंदाज बाद झाला. लांबा स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेले. तीन दिवसांनी, २३ फेब्रुवारीला, रुग्णालयात त्यांचे निधन झाले. वय अडतीस. धावफलकावर त्या चेंडूची नोंद एक बळी अशीच असणार.

इंग्लंडमध्ये या बाबतीत मुलांसाठी स्पष्ट नियम आहे. पंधरा वर्षांखालील गटातील कोणाही मुलाने फलंदाजापासून आठ यार्डांच्या आत, आणि तेरा वर्षांखालील गटात अकरा यार्डांच्या आत, उभे राहावयाचे नाही; अपवाद फक्त यष्टीमागे ऑफच्या बाजूस उभे राहणाऱ्यांचा. कर्णधार कितीही उतावीळ असला तरी पंच त्याला मागे सारतात. माळव्याच्या तालुका-जिल्हा पातळीवरील सामन्यांत असा पंच विरळाच. उलट धाकट्या मुलालाच पुढे उभे करण्याची पद्धत आहे, कारण तो तक्रार करीत नाही आणि मोठ्यांना ती जागा नको असते. याला साहस म्हणावयाचे काय? साहस हे स्वतःच्या निवडीचे असावे लागते.

होळकर संघाच्या परंपरेतही या बाबतीत थोडे सावध राहून घ्यावे असे काही आहे. १९५१-५२ च्या हंगामात मुंबईविरुद्ध दत्तू फडकर यांचा चेंडू कर्नल नायडूंच्या तोंडावर बसला आणि त्यांचे दात पडले. छप्पन्न वर्षांच्या त्या गृहस्थांनी दात खेळपट्टीवरून बॅटीने बाजूला सारले आणि पुढला चेंडू खेळावयास उभे राहिले, अशी हकीकत आहे. ऐकणाऱ्याची छाती फुगते. पण नायडू स्वतःच्या दातांवर उदार झाले होते, दुसऱ्याच्या नव्हे. त्यांचा आदर्श सांगून जो शिक्षक बारा वर्षांच्या मुलाला बिनशिरस्त्राणाचा शॉर्ट लेगला उभा करतो, त्याने ती हकीकत अर्धीच ऐकली असे म्हणावे लागेल.

सगळे साहस जिवावरचे नसते. लांबून यष्टीवर थेट चेंडू फेकणे हेही साहसच; तेथे धोका धावांचा. न्यूझीलंडचे मार्टिन गप्टिल यांना २०१९ च्या विश्वचषकात चार दिवसांच्या अंतराने या धोक्याच्या दोन्ही बाजू पाहावयास मिळाल्या. १० जुलै रोजी मँचेस्टरला त्यांच्या थेट फेकीने महेंद्रसिंग धोनी इंचभराने धावचीत झाले आणि भारत १८ धावांनी हरला. १४ जुलै रोजी लॉर्ड्सवर अंतिम सामन्याच्या शेवटच्या षटकात त्यांनीच सीमेजवळून फेकलेला चेंडू झेपावणाऱ्या बेन स्टोक्स यांच्या बॅटीला लागून सीमापार गेला. इंग्लंडला दोनाऐवजी सहा धावा मिळाल्या आणि बरोबरीत सुटलेला तो सामना पुढे हातातून गेला. हात तोच, फेक तितकीच अचूक. पहिल्या दिवशी त्यांची स्तुती करणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी त्यांना दोष दिला नाही, हे त्या देशाच्या रसिकतेचे लक्षण होय.

या ठिकाणी बेसबॉलची एक रीत विचार करण्यासारखी आहे. त्या खेळाच्या फलकावर धावा आणि फटके यांच्या शेजारी चुकांचाही रकाना असतो. क्षेत्ररक्षकाने साधा चेंडू सोडला किंवा भलतीकडे फेकला की त्याच्या नावे चूक लिहिली जाते. क्रिकेटच्या धावफलकावर असा रकाना नाही. बेसबॉलमधील जाणकारांनाही या रकान्याची खोड पुष्कळ काळ ठाऊक आहे: जो क्षेत्ररक्षक चेंडूपर्यंत पोहोचण्याचा प्रयत्नच करीत नाही त्याच्या नावे चूक लागत नाही, आणि जो झेप घेऊन चेंडूला स्पर्श करतो तो दोषी ठरू शकतो. तेव्हा चुकांचा जमाखर्च ठेवून धाडस शिकविता येणार नाही. तथापि त्याच खेळातील दुसरी सवय मात्र उचलण्याजोगी आहे. एखाद्याने पहिल्या तळाकडे चेंडू फेकला की फेकीच्या रेषेत, तळाच्या मागे, दुसरा खेळाडू धावत जाऊन उभा राहतो. फेक चुकली तरी चेंडू त्याच्यापाशी अडतो. धाडस एकाचे, त्याची पाठराखण दुसऱ्याची. धार-देवासच्या मैदानांवर चेंडू फेकणारे जोरदार हात पुष्कळ आहेत. मागे धावणारे पाय कमी. थेट फेक चुकते, मागे कोणी नसते, आणि थकलेल्या त्या एकुलत्या एका गोलंदाजाने मोठ्या कष्टाने निर्धाव राखलेल्या षटकात चार धावा भरीस पडतात.

झेप घेऊन चेंडू अडविण्याचेही तसेच. दूरचित्रवाणीवर दिसणारी हिरवीगार मैदाने आणि माळव्याची काळी माती यांत फार अंतर आहे. पावसाळ्यानंतर ती चिकट होते, उन्हाळा जवळ आला की तडकते आणि दगडासारखी होते. गवत नसलेल्या मैदानावर घेतलेली झेप खांदा वा मनगट यांपैकी काहीतरी मागते. आणि झेप घेणारा तोच मुख्य गोलंदाज असला, जसा तो बहुधा असतो, तर एका चौकारासाठी संघ आपले पुढचे चार सामने गहाण टाकतो. कर्णधाराने आपल्या गोलंदाजाला स्लिपमध्ये किंवा मिडऑनला ठेवून झेपा घेण्याचे काम दुसऱ्याला द्यावे, एवढी साधी व्यवस्था पुरेशी असते.

धारच्या मंडळींना इतिहासाची एक गोष्ट सांगावी लागत नाही. १७६१ मध्ये पानिपतावर पडलेल्या सरदारांत त्यांचे यशवंतराव पवार होते. त्या रणांगणावर पराक्रम कमी पडला असे कोणी म्हणत नाही. अन्न, वैरण, पैका यांची रसद तुटली होती. क्रिकेटमध्ये साहसाची रसद म्हणजे गोलंदाजी. ती भरपूर असली तर शॉर्ट लेगला माणूस उभा करण्यात अर्थ असतो, चार झेल सुटले तरी पाचवा येणार असतो. ती नसली तर कर्णधार उतावीळ होतो. बळी मिळत नाहीत म्हणून माणसे पुढे पुढे ढकलली जातात, आणि जेथे उभे राहण्यात सर्वांत अधिक धोका, नेमक्या त्याच वेळी तेथे उभे राहण्याचा हुकूम सुटतो.

अलीकडचे एक चित्र मात्र आशादायक आहे. जून २०२२ मध्ये बंगळूरला मध्य प्रदेशाने मुंबईला सहा गडी राखून हरविले आणि होळकरांच्या काळानंतर प्रथमच रणजी करंडक या प्रदेशात आला. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित. १९९९ साली याच मैदानावर याच संघाचे कर्णधार म्हणून ते अंतिम सामना हरले होते. मध्य प्रदेशाच्या ५३६ धावांच्या डावात दुबे, शर्मा आणि पाटीदार या तिघांची शतके झाली, आणि रिवाजाप्रमाणे तीच गाजली. गोलंदाजीचा तक्ता पाहिला तर निराळेच दिसते. मुंबईच्या शम्स मुलाणींना त्या एका डावात साठाहून अधिक षटके टाकावी लागली. त्यांनी पाच बळी घेतले, पण डाव रोखता आला नाही. मध्य प्रदेशाकडे गौरव यादव आणि अनुभव अग्रवाल यांचा वेग होता, कुमार कार्तिकेय आणि सारांश जैन यांची फिरकी होती. एकाने दमावे तेव्हा दुसरा ताजा होता. सत्त्याहत्तर वर्षांपूर्वीच्या ब्रेबर्नवरील चित्र या वेळी नेमके उलटे झाले होते: चेंडू एकाच हातात राहिला तो मुंबईच्या.

धार आणि देवास येथील संघचालकांना यासाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. प्रत्येक मुलाने सामन्यात व सरावात टाकलेली षटके लिहिण्याची एक वही. फलंदाज म्हणवून घेणाऱ्या दोघा-तिघांना आठवड्यातून दोन दिवस सक्तीने चेंडू टाकावयास लावणे. संघाच्या पिशवीत क्षेत्ररक्षकासाठी एक वेगळे शिरस्त्राण, आणि ते घातल्याशिवाय शॉर्ट लेगला कोणी जाणार नाही असा कर्णधाराचा दंडक. वही आणि शिरस्त्राण ही दोन्ही दसऱ्यापूर्वी यावयास हवीत. पाऊस उघडून मैदाने वाळली की सामने एकदम सुरू होतात, आणि मग पहिल्या रविवारी चेंडू पुन्हा त्याच मुलाच्या हाती जातो.